ढालीतले लोखंड कुठे गेले?

गेल्या वर्षी, बी.ए. प्रथम वर्षाला असताना, आमच्या वसतिगृहाच्या खोलीत एका रविवारी मोठा वाद झाला. वाद राजकारणावर नव्हता, परीक्षेच्या वेळापत्रकावरही नव्हता. तो होता एका ढालीवर. कॅप्टन अमेरिकाची ती गोल, तांबडी-पांढरी-निळी ढाल कशाची केलेली आहे, एवढाच प्रश्न होता. माझा खोलीसोबती म्हणाला, "व्हायब्रेनियमची. सिनेमात स्पष्ट सांगितलं आहे." मी म्हणालो, "मूळ चित्रकथेत तिच्यात लोखंडही आहे." त्यावर तो म्हणाला, "तू लोहाराचा पोरगा. तुला सगळीकडे लोखंडच दिसणार!" सगळी खोली हसली. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. ढालीत लोखंड होते, हे मी वाचले होते. मग ते गेले कुठे? आणि कोणी काढले?

हा लेख त्या रात्रीचा आहे, असे समजायला हरकत नाही.

आमच्या ज्या प्राध्यापकांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनाच्या चित्रकथांवर 2008 सालापासून एकापाठोपाठ एक चित्रपट निघत आले. त्यांतल्या बावीस चित्रपटांची मिळून एक मोठी साखळी 2019 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'पर्यंत येऊन पोचते. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मामेभावाबरोबर चंद्रपूरला जाऊन तो हिंदीतून पाहिला. थिएटरात इतक्या टाळ्या मी नंतर फक्त झाडीपट्टीच्या नाटकालाच ऐकल्या आहेत. या साखळीचा सगळा डोलारा सहा खड्यांवर उभा आहे. अवकाश, मन, वास्तव, शक्ती, काळ आणि आत्मा यांचे ते सहा खडे. ज्याच्या हातमोज्यात ते सहाही बसले, त्याने चुटकी वाजवली की अर्धी सृष्टी नाहीशी होते.

मूळ चित्रकथा मात्र मी पुष्कळ उशिरा वाचल्या. त्याही मोबाईलच्या पडद्यावर, पान मोठे करून, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीची पायरी चढलेले नाही, त्यामुळे इंग्रजी वाचताना मला अजूनही दर चौथ्या ओळीला थांबावे लागते. त्याचा एक फायदा असा, की थांबणाऱ्याला फरक दिसतात.

पहिला फरक रंगांचा, आणि तो क्षुल्लक आहे. चित्रकथेत आत्म्याचा खडा हिरवा होता, चित्रपटात तो नारिंगी झाला. काळाचा नारिंगी होता, तो हिरवा झाला. ज्यांना अशा गोष्टींवर रात्र जागवायची त्यांनी जागवावी, मला त्यात काही विशेष वाटत नाही. 1972 साली अ‍ॅडम वॉरलॉक नावाच्या पात्राच्या कपाळावर एकच खडा होता. पुढे वेगवेगळ्या लेखकांनी भर घालत घालत ते सहा झाले, आणि 1990-91 मध्ये जिम स्टार्लिनने त्यांची 'इन्फिनिटी गॉन्टलेट' ही मोठी कथा रचली. म्हणजे मूळ म्हणून जे आपण धरतो, तेही जागच्या जागी वाढत गेलेले होते. कथा बदलते यात गैर काय? आमच्या झाडीपट्टीत एकच कथानक दर हंगामाला नवे होऊन येते.

पण दुसरा फरक मला खटकतो, आणि तो रंगाचा नाही, हाताचा आहे.

तीन उदाहरणे देतो. चित्रकथेत 'कॉस्मिक क्यूब' नावाचा एक घन आहे. 1966 साली तो पहिल्यांदा आला. तो माणसांनी, शास्त्रज्ञांच्या एका दुष्ट संघटनेने, आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेला होता. चित्रपटात त्याच घनाचा 'टेसरॅक्ट' झाला. आता तो म्हणे देवांच्या राजाच्या खजिन्यातला, नॉर्वेतल्या एका जुन्या ठिकाणी दडवून ठेवलेला, आणि त्याच्या पोटात अवकाशाचा खडा. दुसरे उदाहरण अल्ट्रॉन या यंत्रमानवाचे. चित्रकथेत तो हँक पिम या शास्त्रज्ञाने बनवला आणि तोच त्याच्यावर उलटला. बापावर उलटलेला मुलगा, अशी ती गोष्ट. 2015 च्या चित्रपटात तो टोनी स्टार्क आणि ब्रूस बॅनर यांच्या हातून होतो खरा. पण त्यात प्राण येतो तो राजदंडातल्या खड्यामुळे. तिसरा व्हिजन. 1968 च्या चित्रकथेत तो कृत्रिम मानव आहे आणि त्याच्या कपाळावरचे रत्न सूर्यप्रकाशातून शक्ती घेते. साध्या उन्हातून! चित्रपटात त्याच्या कपाळावर मनाचा खडा आला, आणि त्याचे बोलणे, त्याचे शहाणपण, त्याचे प्रेम या सगळ्याचा धनी तो खडा ठरला.

तिन्ही ठिकाणी एकच घडले आहे. चित्रकथेत जे माणसाच्या बुद्धीने, चुकीने, लोभाने किंवा कष्टाने झाले होते, ते चित्रपटात खड्याने केले. करणारा मागे सरकला आणि वस्तू पुढे आली.

याला कारणे आहेत, आणि ती मी नाकारीत नाही. चित्रकथा दर महिन्याला हाती येते. चित्रपट वर्षातून दोन-तीन. प्रेक्षकाला चार वर्षांपूर्वीचे लक्षात राहावे म्हणून एखादी ठळक, चमकणारी वस्तू लागतेच. बावीस फुले ओवायची तर दोरा हवा. शिवाय पिमची ओळख करून देणारा चित्रपट त्याच वर्षी अल्ट्रॉननंतर आला, तेव्हा त्याला आधीच बाप कसे करणार? हे सगळे मान्य. खड्यांमुळे चित्रपटाला काही खरोखर मोठे प्रसंग मिळाले, हेही मान्य. व्हिजनच्या कपाळातला खडा फोडल्याशिवाय जग वाचत नाही आणि तो फोडायचा तिनेच, जिचे त्याच्यावर प्रेम आहे. हा प्रसंग चित्रपटाच्या बदलातूनच जन्मला. आत्म्याच्या खड्यासाठी बाप पोटच्या पोरीसारख्या वाढवलेल्या मुलीला कड्यावरून लोटतो, हेही चित्रपटाचेच. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून घरच्या सुनेचा बळी दिल्याची गोष्ट आपल्याकडे गावोगाव सांगतात. मला तो प्रसंग पाहताना तीच आठवली, आणि अंगावर काटा आला.

तरीही माझी तक्रार उरतेच. ती ढालीपाशी येऊन थांबते.

चित्रकथेतल्या ढालीची हकीगत अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात मायरन मॅक्लेन नावाचा धातुशास्त्रज्ञ रणगाड्यांसाठी अभेद्य धातू शोधत असतो. तो लोखंडाचा एक मिश्रधातू आणि व्हायब्रेनियम यांना एकत्र करू पाहतो. ते काही केल्या मिळत नाहीत. दिवसरात्र खपून शेवटी त्याचा डोळा लागतो, आणि तेवढ्यात काहीतरी अज्ञात पदार्थ त्या मिश्रणात शिरतो. जागा होऊन पाहतो तो धातू जमलेला! पण कसा जमला ते त्याला कधीच कळत नाही, आणि तशी दुसरी ढाल त्याच्या हातून होत नाही. आता 2011 चा चित्रपट पाहा. तिथे श्रीमंत कारखानदार हॉवर्ड स्टार्कच्या टेबलावर ढाल आयती पडलेली आहे. व्हायब्रेनियमची, पोलादाहून बळकट, वजनाने त्याच्या एक तृतीयांश, आणि तो धातू त्यांच्याजवळ तेवढाच होता म्हणून ढालही एकच. झाले! मॅक्लेन गेला, त्याचे जागरण गेले, त्याची चूक गेली, आणि लोखंड गेले. ढाल एकमेव आहे ती आता माल संपला म्हणून. आधी ती एकमेव होती ती माणसाला पुन्हा जमली नाही म्हणून. या दोन्हींत किती अंतर आहे, ते ज्याने कधी काही हाताने केले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

माझे बाबा लोहार आहेत. आमच्या गावात विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, नांगराचा फाळ असे जे काही लागते ते त्यांच्या ऐरणीवरून जाते. आता बाजारात आयते विळे मिळतात, तरी पाणी पाजायला लोक आमच्याचकडे येतात. लोखंड तापून नेमका कोणता रंग आला की पाण्यात घालायचे, हे बाबांना कुणी पुस्तकातून शिकवले नाही. आणि तेही कबूल करतात, की वीस वर्षांपूर्वी एक कुऱ्हाड अशी साधली होती की पुन्हा तशी हातून झाली नाही. ती कुऱ्हाड अजून गावात एका घरी आहे. मॅक्लेनची गोष्ट वाचली तेव्हा मला ती कुऱ्हाड आठवली.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "भट्टीसमोर झोपला? मंग भाता कोन मारत होता?"

मी गप्प झालो. आमच्याकडे भाता आई मारते. आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे, पण तो फिरवणारी तीच. ज्या चित्रकथेची मी एवढी बाजू घेत होतो, तिच्यातही भात्यावरचे माणूस नव्हतेच. माझ्या सगळ्या युक्तिवादाला बाबांनी एका वाक्यात भोक पाडले, आणि ते भोक मी या लेखात बुजवणार नाही.

प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. 2018 च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये एक लोहार आहे. त्याचे नाव एट्री. स्टार्लिनच्या कथेत हातमोजा कोणी घडवला याला काही महत्त्व नव्हते. थॅनोसने आपल्या मोज्यावर खडे बसवले, एवढेच. चित्रपटाने मात्र विचारले, की एवढी शक्ती पेलणारा मोजा कुणीतरी घडवला असेल ना? आणि त्याने एट्रीची गोष्ट सांगितली. थॅनोसने त्याच्याकडून धाकाने मोजा करवून घेतला, नंतर त्याच्या तीनशे माणसांना मारले, एकट्याला जिवंत सोडले आणि त्याचे दोन्ही हात धातूत गाडून निकामी केले. विझलेल्या भट्टीपुढे बसलेला तो लोहार पाहून आमच्या मामेभावाने माझ्याकडे पाहिले होते, ते मला आजही आठवते. पुढे थॉर ताऱ्याची आग स्वतःच्या अंगावर घेतो आणि भट्टी पुन्हा पेटते. भात्यावरचे माणूस एकदाचे दिसले म्हणायचे! पण पाहा, त्या साखळीत घडवणारा ठळक दिसला तो हात गमावूनच.

आता मी जरा आमच्या भागाकडे वळतो. विषय सोडून जातो असे वाटेल, पण मला तसे वाटत नाही.

व्हायब्रेनियम ही धातू 'ब्लॅक पँथर'च्या वाकांडा देशातली. 1966 साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा देश उभा केला, तेव्हा त्या धातूचा एक पवित्र डोंगर होता. क्लॉ नावाचा परका माणूस बंदूकधारी घेऊन तो डोंगर लुटायला येतो. राजा टी'चाका आडवा उभा राहतो आणि मारला जातो. पोरवयाचा राजपुत्र त्याच परक्याचे हत्यार उचलून त्याला पळवून लावतो. गोष्ट सरळ आहे: बाप डोंगरासाठी मेला.

चित्रपटांत काय झाले? टी'चाका 2016 च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये मरतो, पण कुठे? व्हिएन्नाला, राष्ट्रांच्या सभेत, दुसऱ्याच कुणाच्या सुडासाठी ठेवलेल्या बॉम्बने. त्याच्या मरणाचा डोंगराशी काही संबंध उरला नाही. क्लॉ एक बडबड्या चोर झाला. आणि 2018 च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये धातूवरचे खरे भांडण घरातले झाले. भाऊ धातू बाहेर देतो म्हणून राजा भावाला मारतो, आणि त्या भावाचा मुलगा हिशेब मागायला येतो. गोष्ट म्हणून ती मूळ कथेपेक्षा कितीतरी खोल आहे. रायन कूगलर हा दिग्दर्शक मोठाच. संपत्ती लपवावी की वाटावी, हा प्रश्न त्याने असा विचारला की खलनायकाचेच म्हणणे मला अर्धे पटले. पण डोंगर लुटायला बाहेरून कोण आले होते, हा प्रश्न मागे पडला तो पडलाच. 2022 च्या दुसऱ्या भागात परके सैनिक धातूसाठी हल्ला करतात तेव्हा तो थोडासा परत येतो.

आमच्या जिल्ह्यांत असले डोंगर गोष्टीतले नाहीत. 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला. त्यात जुन्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोखंडाच्या डोंगराचे वर्णन होते आणि जवळच्या वरोऱ्याला कोळसा होता. तो कोळसा जर्मनीत तपासला, तर पोलादासाठी निकामी निघाला. बेत राहिला, आणि पुढे 1907 नंतर कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. आम्हाला शाळेत जमशेदपूर शिकवले. लोहारा कुणी शिकवला नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागात देशी भट्ट्यांत लोखंड गाळणारे होते. गावाचे नावच लोहारा आहे, त्याला आणखी काय पुरावा हवा? आज्याच्या आज्याने दगडापासून लोखंड काढलेले आमच्या घरात सांगतात. बाबा ते कसे काढत हे सांगू शकत नाहीत. त्यांच्या हाती लोखंड येते ते भंगारातल्या गाडीच्या पाट्यांचे.

आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागड आहे. तिथल्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथे आसपासच्या गावांची जत्रा भरते. 2016 च्या डिसेंबरात तिथली खनिज वाहणारी वाहने नक्षलवाद्यांनी मोठ्या संख्येने जाळली. 2021 नंतर खाणीने वेग घेतला. आज कुणाला तिथे काम मिळाले आहे, कुणाला रस्त्याची भीती वाटते, कुणाला देवाची काळजी आहे. आमच्याच वर्गात या तिन्ही घरांतली मुले आहेत आणि तिन्हींचे बोलणे मी ऐकतो. कोण बरोबर ते ठरवण्याइतका मी मोठा नाही. पण एवढे पाहिले आहे, की वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा ती टनांची आणि कोटींची असते. खनिज किती, किंमत किती. म्हणजे तिथेही खडाच पुढे आणि माणूस मागे. मग मला चित्रपटाचा राग येतो. चित्रपट ही सवय लावत नसेल, पण ती आपल्याला गोड करून देतो.

माझा खोलीसोबती हा मजकूर वाचून म्हणाला, "अरे, करमणूक आहे ती. एवढा कीस कशाला काढतोस?" त्याला मी विचारले, की वाकांडाच्या खाणीत धातू वाहणाऱ्या गाड्या तुला आठवतात? आठवतात, म्हणाला. खणणारा एखादा माणूस आठवतो का? त्याने बराच विचार केला. मलाही आठवत नाही. दाखवला असेल एखादा, तर दोघांच्याही मनात राहिला नाही.

झाडीपट्टीत या बाबतीत आम्ही सुखी आहोत. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात, शेतात मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालते. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. इथे तलवार पत्र्याची असते हे पुढच्या रांगेतल्या पोरालासुद्धा दिसते. कधी तिची मूठ निखळते, कधी ती वाकते आणि नट पाठ फिरवून गुडघ्यावर सरळ करतो. तरी ती उगारली की बाया पदर तोंडाला लावतात. ती शक्ती पत्र्यात आहे, असे कुणी म्हणणार नाही. मार्व्हलवाल्यांकडे इतका पैसा आहे की त्यांची वस्तू कधी वाकत नाही, आणि मला वाटते तिथेच त्यांचे थोडे चुकते.

यंदा आमच्या स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकासाठी दोन ढाली हव्या होत्या. बाबांना सांगितले. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून गोल केला, कडा दुमडल्या आणि पाठीमागे धरायला जुन्या पाट्याची लोखंडी पट्टी रिबिटाने बसवली. पंखा आईने फिरवला. नाटकात सरदाराचे काम करणारा आमचा मित्र रोज कुरकुरतो, की ढाल फार जड झाली, हात दुखतो, पट्टी काढून दोरी लाव. मी अजून काढलेली नाही.